तुफानचे उरलेले २९ दात

तुफान ही शर्यतीची कुत्री आमच्या घरी आली त्या दिवशी तिच्या वयाबद्दल मला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. कागल तालुक्यातील ज्या शेतकरी गृहस्थांकडे ती होती त्यांनी ‘चार सरून पाचवं लागलं असंल’ असे सांगितले, त्यांच्या मुलाने ‘छे, तीनच’ म्हणून ते तिथल्या तिथे खोडून काढले, आणि आमच्या नेहमीच्या पशुवैद्यांनी तिचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून, क्षणभर नाक मागे घेऊन, ‘दातांवरून म्हणाल तर ही आठ वर्षांची आहे, पण शर्यतीच्या कुत्र्याच्या दातांवरून वय ठरवायचे नसते’ असे म्हटले. गेली दोन वर्षे मी तिच्या तोंडाचा जो अभ्यास करतो आहे त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

सीमाभागातील गावांत यात्रेच्या निमित्ताने श्वानशर्यती होतात. बैलगाड्यांच्या शर्यतीइतका त्यांचा बोलबाला नसला तरी शौकीन मंडळी त्यासाठी जिवापाड खर्च करतात. तुफान तीन हंगाम पळाली, दोन ठिकाणी ढाल घेऊन आली आणि मग पुढच्या उजव्या पायाने जराशी अडखळू लागली. ‘काय नाय साहेब, पळून पळून दमलीया ती. घरात बशीवली तर बसंल, लई गुणाची हाय,’ असे म्हणत त्या गृहस्थांनी तिची साखळी माझ्या हातात दिली. ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण अशी कुत्री टाकून देणारेही पुष्कळ असतात आणि त्यांच्यातले हे नव्हते. ती पंजाबकडून आणलेल्या, ग्रेहाउंड या शर्यतीच्या जातीच्या जोडीचे पिल्लू असल्याचे त्यांचे म्हणणे. आमच्या पशुवैद्यांच्या मते तिच्यात आपल्याकडच्या कारवान या शिकारी जातीचेही थोडे रक्त असावे. अंगावर वाघासारखे पट्टे, वजन २६ किलो, पोट पाठीला लागलेले. तिला पाहून गल्लीतल्या प्रत्येकाने मला ‘हिला खायला घालता की नाही?’ असे किमान एकदा तरी विचारले आहे.

ज्या देशांत ग्रेहाउंडच्या शर्यती हा रीतसर व्यवसाय झाला तेथे वयाचा प्रश्न असा लोंबकळत राहत नाही. अमेरिकेतील शर्यतीच्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत गोंदण असते. उजव्या कानातील आकड्यांवरून जन्माचा महिना, वर्ष आणि त्या वेतातील क्रम कळतो, तर डाव्या कानातील आकडा वेताच्या नोंदणीचा असतो. कृत्रिम सशामागे कुत्री पळवण्याचे पहिले मैदान १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे झाले, १९२६ मध्ये ती पद्धत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पोहोचली, आणि पुढे शतकभर पळून निवृत्त झालेली हजारो कुत्री कोणाच्या ना कोणाच्या घरी जाऊ लागली. फ्लोरिडामध्ये तर २०१८ साली मतदारांनीच शर्यती बंद करण्याचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तेथील मैदाने थांबली. या सगळ्याचा मला झालेला उपयोग असा की, घरात आलेल्या त्या ग्रेहाउंडांच्या प्रकृतीविषयी तेथील पशुवैद्यांनी बारकाईने लिहून ठेवले आहे, आणि कोल्हापुरात बसून तुफानची काळजी घेताना मला त्याच लिखाणाचा आधार झाला.

त्या लिखाणात दातांना पहिले स्थान आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील संशोधकांनी ब्रिटनमधील ५,४१९ ग्रेहाउंडांच्या २०१६ सालच्या दवाखान्यातील नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतील ३९ टक्के कुत्र्यांना हिरड्यांचा व दातांच्या आधारपेशींचा आजार असल्याचे आढळले. दुसऱ्या क्रमांकावर वाढलेली नखे होती, आणि त्यांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे वेगासाठी जन्माला घातलेल्या या जनावराचा सर्वांत मोठा आजार पायांत नसून तोंडात आहे. याची कारणे एकाहून अधिक आहेत. शर्यतीच्या काळात त्यांना मऊ, पातळ, कालवलेले अन्न दिले जाते, दात घासण्याचा प्रश्नच येत नाही, पिंजऱ्यात तासन्‌तास कोंडलेले कुत्रे गज चावत बसते, आणि या जातीत मुळातच हिरड्या लवकर बिघडण्याचा कल दिसतो. तुफानचा आहार दूध-भाकरी, अंडी, तूप आणि हंगामात भिजवलेले बदाम असा राजेशाही होता; चावून खावे असे त्यात काही नव्हते आणि ते खाल्ल्यानंतर तोंडात काय राहते याकडे पाहण्याचे कोणाला कारणही नव्हते.

प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. तुफानच्या तोंडातले दोन आधीच नव्हते. खालचे पुढचे दात झिजून सपाट झाले होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर मधोमध तपकिरी ठिपका दिसत होता. तो ठिपका पाहून मला कीड वाटली. पशुवैद्यांनी बारीक टोकाची सळई त्यावरून फिरवून दाखवली, ती कोठेही अडकली नाही. दात हळूहळू झिजत गेला की आतील गाभा स्वतःच्या बचावासाठी नवे कठीण द्रव्य तयार करून वरून बूच बसवतो, त्याचा तो रंग असतो. त्याच जागी काळे छिद्र असते आणि सळई आत शिरली असती, तर गाभा उघडा पडला असे समजावे लागले असते. सुळ्यांची गंमत वेगळी होती. समोरून ते शाबूत दिसत. मात्र मागच्या बाजूला, जिभेकडे नव्हे तर दाढांकडे असलेल्या अंगाला, आडवी खाच पडलेली होती. ती साखळी चावल्याची खूण. गज किंवा साखळी चावणाऱ्या कुत्र्याचे सुळे नेमके तेथेच झिजतात, आणि खाच खोल गेली की एखाद्या दिवशी सुळा तेथून मोडतो. मी त्या संध्याकाळी कागलच्या गृहस्थांनी दिलेली साखळी पाहिली. मधल्या चार-पाच कड्या चांदीसारख्या घासून चकचकीत झाल्या होत्या.

दाढांची अवस्था सांगण्यासाठी मला माझ्या व्यवसायातील उपमा वापरावी लागेल. मी गुळाच्या पेढीवर हिशेब लिहितो आणि गुऱ्हाळे लहानपणापासून पाहत आलो आहे. काहिलीच्या कडेला उकळी फुटून फुटून जो करपट, तपकिरी, दगडासारखा थर बसतो, तसा थर तुफानच्या वरच्या मोठ्या दाढेवर दोन्ही बाजूंनी होता, इतका की दाढेचा मूळ आकार ओळखता येत नव्हता. हा थर एका दिवसात येत नाही, पण त्याला फार दिवसही लागत नाहीत. खाल्ल्यानंतर दातावर जंतूंचा जो चिकट पापुद्रा बसतो तो लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो. एकदा घट्ट झाला की ब्रशने निघत नाही आणि त्याच्या खडबडीत पाठीवर पुढचा पापुद्रा अधिक लवकर बसतो. खरी हानी मात्र या दिसणाऱ्या थराने होत नाही. हिरडीच्या खाली जंतू शिरतात, हिरडी दातापासून सुटून तेथे खळगा तयार होतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. निरोगी कुत्र्यात ही फट साधारण तीन मिलीमीटरपर्यंत असते. तुफानच्या एका दाढेपाशी सळई नऊ मिलीमीटर आत गेली.

‘पण ती व्यवस्थित खाते,’ असे मी तेव्हा म्हणालो होतो. हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाला म्हणतो आणि ते पूर्णपणे निरुपयोगी आहे. दात दुखतो म्हणून कुत्रे जेवण सोडत नाही. ते एका बाजूने चावते, घास न चावता गिळते, कडक तुकडा तोंडातून खाली पाडून पुन्हा उचलते, किंवा तोंड घोंगड्यावर घासते. तुफान या चारही गोष्टी करत होती आणि आम्ही त्यांना तिच्या लकबी समजून त्यांचे कौतुक करत होतो. आणखी एक खूण येथे सांगून ठेवतो, कारण ती हमखास चुकीची वाचली जाते. वरच्या त्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याच्या खाली येते. गांधीलमाशी चावली असेल म्हणून लोक हळद लावतात, दोन दिवसांच्या औषधाने सूज उतरते, महिन्याने पुन्हा येते, आणि दाढ तशीच राहते.

एवढे समजल्यावरही मी दात साफ करण्याचे काम सात महिने टाळले. त्याला कारण होते भूल. तुफानला आणून दोनच महिने झाले असताना काटेरी तारेला घासून तिची मांडी वीतभर फाटली. या कुत्र्यांची कातडी कागदासारखी पातळ असते आणि साध्या ओरखड्यानेही उकलते, हे मला त्या दिवशी कळले. आमचे पशुवैद्य परगावी होते, म्हणून एका दुसऱ्या दवाखान्यात तिला नेले आणि तेथे भूल देऊन टाके घातले. इतर कुत्री ज्या औषधातून दोन तासांत उठून बसतात त्यातून तुफान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. रात्रभर तिचे अंग गार पडत होते. आईने स्वतःची घोंगडी तिच्यावर घातली, मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवत राहिलो, आणि पहाटे चार वाजता तिची शेपूट एकदा हलली तेव्हा आमच्या घरात कोणी काही बोलले नाही. टाके घालणाऱ्यांचा हलगर्जीपणा होता असे मी म्हणणार नाही. वजनाप्रमाणे मात्रा बरोबर होती. कुत्रे मात्र वेगळे होते, आणि ते वेगळे आहे हे मी त्यांना सांगायला हवे होते.

औषधाचे नाव नंतर चिठ्ठीवर पाहिले, ते बार्बिट्युरेट गटातील थायोपेंटोन होते. सामान्य कुत्र्याच्या शरीरात हे औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरते, म्हणून त्याला लवकर जाग येते. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी अगदी थोडी असते, हे एक कारण झाले. आणि अशा औषधांचे विघटन करणारे यकृतातील विकर म्हणजे एन्झाइम या जातीत मंद गतीने काम करते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण. थायोपेंटोन ग्रेहाउंडला देऊ नये हे पाश्चात्त्य पशुवैद्यकात आता इतके ठरून गेले आहे की त्यावर चर्चाही होत नाही. प्रोपोफॉलमधूनही त्यांना उठायला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु ते चालते, आणि श्वासातून दिला जाणारा आयसोफ्लुरेन वायू त्यांना चांगला मानवतो. म्हणजे ग्रेहाउंडला भूल देता येत नाही हा समज चुकीचा आहे. कोणती द्यावी, किती द्यावी आणि अंग गरम कसे राखावे हे माहीत असलेल्या माणसाकडे जावे लागते, इतकेच. मी ज्या भीतीने सात महिने घालवले त्या काळात तिच्या जबड्याचे हाड झिजत होते, हा हिशेब मला आजही बोचतो.

भुलीपूर्वी रक्ताची तपासणी झाली आणि त्या कागदावरून नवा गोंधळ उभा राहिला. प्रयोगशाळेने निम्म्या आकड्यांपुढे तांबडी खूण केली होती. तांबड्या पेशींचे प्रमाण ५९ टक्के, म्हणजे कुत्र्यांसाठी छापलेल्या मर्यादेच्या वर; पांढऱ्या पेशी कमी; बिंबाणू म्हणजे प्लेटलेट एक लाख दहा हजार, म्हणजे बरेच कमी; मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन किंचित जास्त; थायरॉइडचे संप्रेरक तर जवळजवळ तळाला. कोणत्याही लॅब्रॅडॉरचा असा कागद आला असता तर त्याला पाणी कमी पडते आहे, मूत्रपिंड थकले आहे, थायरॉइड मंद आहे आणि गोचीड ताप आहे, अशी चार निदाने एकदम झाली असती. ग्रेहाउंडमध्ये मात्र तांबड्या पेशी ५० ते ६५ टक्के असणे, प्लेटलेट ८० हजारांपासून दोन लाखांपर्यंत असणे आणि थायरॉइडचा आकडा खाली असणे हे निरोगीपणाचेच लक्षण असू शकते. पळण्यासाठी प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी भरपूर लागतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे जेथे स्नायू अधिक तेथे ते अधिक. या तांबड्या पेशींमुळेच परदेशात ग्रेहाउंड हे आवडीचे रक्तदाते आहेत.

आपल्याकडे प्लेटलेटचा मुद्दा जास्त काळजीने पाहावा लागतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात गोचिडी बारमाही असतात आणि गोचीड तापाने प्लेटलेट घसरणे ही रोजची गोष्ट असल्यामुळे, आकडा कमी दिसला की गोळ्या सुरू होतात. ग्रेहाउंडचा आकडा मुळातच कमी, म्हणून प्रत्येक वेळी औषध देणे चूक; आणि ‘यांचा कमीच असतो’ म्हणून सोडून देणे ही त्याहून मोठी चूक, कारण शेतातून आलेल्या शर्यतीच्या कुत्र्याला गोचीड ताप खरोखरच झालेला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. त्यासाठी एर्लिकिया आणि बेबेसिया या गोचीड तापाच्या जंतूंची वेगळी तपासणी करावी लागते. आम्ही ती केली आणि एर्लिकियाची तपासणी पॉझिटिव्ह आली. चार आठवडे डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक दिल्यावर प्लेटलेट एक लाख साठ हजारांवर स्थिरावल्या, आणि आता तोच तिचा नेहमीचा आकडा समजून मी तो कागद जपून ठेवला आहे. कुत्रे धडधाकट असताना एकदा रक्त तपासून ठेवावे हा माझा सर्वांना आग्रह असतो. आजारपणात तुलनेला तोच कागद उपयोगी पडतो.

दातांचा एक्स-रे काढणारे यंत्र असलेला दवाखाना आम्हाला पुण्यात मिळाला. वास्तविक हे काम भूल न देता, घरी येऊन, खरवडून करून देणारेही भेटतात आणि त्यांचे दर मोहात पाडणारे असतात. मी त्यांच्याकडे गेलो नाही. हिरडीच्या वरचा थर खरवडल्याने दात पांढरे दिसतात आणि मालक निश्चिंत होतो, पण हिरडीखालचा आजार तसाच चालू राहतो. जागे असलेले कुत्रे तेथे कोणाला हात लावू देत नाही आणि लावू देणार असेल तरी लावू नये. पहाटे पाच वाजता निघून, कराड, सातारा, खंबाटकी घाट असे करत आम्ही साडेनऊला पोहोचलो. तुफान गाडीत मागच्या आसनावर घोंगडी अंथरून झोपली होती. आदल्या रात्रीपासून उपाशी असल्यामुळे ती माझ्याशी बोलत नव्हती.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मी लिहून नेलेला कागद मन लावून वाचला आणि हसून ‘बरं झालं लिहून आणलंत’ म्हणाल्या. शांत करणाऱ्या औषधाची मात्रा नेहमीपेक्षा कमी, मग प्रोपोफॉल, मग नळी घालून आयसोफ्लुरेन. खाली गरम गादी, अंगावर गरम हवेचे पांघरूण, शिरेतून सलाइन, आणि जबड्याच्या ज्या भागात काम त्या भागापुरते बधिरीकरण. तीन तास लागले. एक्स-रेचे महत्त्व मला तेथे समजले. ज्या दाढेवर काहिलीचा थर होता ती दाढ, थर काढल्यावर, मुळाशी घट्ट निघाली आणि वाचली. आणि बाहेरून पांढरीशुभ्र दिसणाऱ्या दोन लहान दाढांच्या मुळांभोवती हाडच उरलेले नव्हते. एकूण ११ दात काढावे लागले. ४२ मधून दोन आधीचे आणि ११ हे, असे वजा करून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पावतीच्या मागे २९ हा आकडा लिहिला.

त्याच दिवशी कोल्हापूरला परतावे असे पत्नीचे मत होते, परंतु मी मुद्दाम कोथरूडला मावसबहिणीकडे दोन रात्रींचा मुक्काम ठरवला होता. त्याचे कारणही त्याच वाचनात होते. ग्रेहाउंडमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव बेताचाच होतो, सर्व काही ठीक दिसते, आणि ३६ ते ४८ तासांनंतर रक्त पुन्हा वाहू लागते. नसबंदीनंतरच्या एका अमेरिकी पाहणीत २६ टक्के ग्रेहाउंडांना हा त्रास झालेला दिसला. रक्ताची गुठळी तयार होते, पण ती अपेक्षेपेक्षा लवकर विरघळते. त्यामुळे रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या निर्दोष येतात आणि डॉक्टर व मालक दोघेही गाफील राहतात. गुठळी टिकवून ठेवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखे औषध आधीपासून दिले तर धोका कमी होतो, आणि आम्ही पुण्याच्या डॉक्टरांशी तसे बोलून घेतले होते.

दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास तिच्या तोंडाखालच्या पंच्यावर गुलाबी डाग दिसला. अर्ध्या तासाने तो तळहाताएवढा झाला. पुढच्या पायावर जेथे सलाइनची सुई होती तेथून एक निळसर-जांभळा डाग पंज्यापर्यंत उतरत गेला होता, आणि हनुवटीखालची कातडी तशाच रंगाची झाली होती. आम्ही फोन केला, वीस मिनिटांत दवाखान्यात होतो, औषधाची शिरेतून मात्रा दिली गेली, आणि पहाटेपर्यंत लाळ पुन्हा पांढरी झाली. हीच गोष्ट घाटात किंवा घरी कोल्हापुरात रात्री अकराला घडली असती तर काय झाले असते याचा विचार मी फार वेळ करत नाही. जांभळे डाग मात्र पुढे दहा दिवस राहिले आणि हिरवे-पिवळे होत गेले.

दोन आठवडे मऊ खाणे झाले. तिसऱ्या आठवड्यात तुफानने मुलीचा जुना टेनिसचा चेंडू तोंडात धरून अंगणभर फिरवला. आमच्याकडे आल्यापासून तिने कोणतीही वस्तू तोंडात धरली नव्हती, आणि तिला खेळण्याची आवड नाही असे आम्ही ठरवून टाकले होते.

रोजचे दात घासणे तेव्हापासून सुरू झाले. पहिला आठवडा फक्त ओठ उचलून सोडून देण्यात गेला, दुसरा बोटावर पेस्ट लावून चाटू देण्यात, आणि तिसऱ्यात लहान मुलांचा मऊ ब्रश आला. माणसांची पेस्ट वापरायची नाही. कुत्रे ती थुंकत नाही, गिळते, आणि तीत कधी झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो, जो कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतो. कुत्र्यांसाठीची कोंबडीच्या चवीची पेस्ट मिळते. तोंड फाकवावे लागत नाही: गालात ब्रश सरकवून दाढांच्या बाहेरच्या बाजू घासल्या की पुष्कळ झाले, आतल्या बाजूचे काम जीभ करते. ग्रेहाउंडला बसून राहणे अवघड जाते, म्हणून तिला उभीच ठेवतो. जबडा लांब असल्यामुळे शेवटच्या दाढेपर्यंत पोहोचायला ब्रशचा दांडाही लांब लागतो.

आईचे मत वेगळे होते. ती आयुष्यभर तव्यावर भाजलेली मिश्री लावत आली आहे, आणि ‘अगं बया, त्या फेसापेक्षा जरा मिश्री लाव की तिला, हिरडी कशी घट्ट व्हती बघ’ असा तिचा सल्ला होता. तंबाखू कुत्र्याला विष आहे हे तिला पटवताना मी तिच्या स्वतःच्या मिश्रीविषयीही दोन शब्द बोललो, त्यामुळे दोन दिवस अबोला झाला. मिश्रीची डबी आता वरच्या फळीवर असते.

हाडांच्या बाबतीत तर सगळे कोल्हापूर माझ्या विरोधात आहे. रविवारी कोणाच्याही घरी जा, पांढऱ्या रश्श्यातील नळी कुत्र्यासाठी बाजूला काढून ठेवलेली असते. शिजलेले हाड टोकदार फुटते आणि आतड्यात रुततेही; आणि कच्चे असो वा शिजलेले, नळीसारखे टणक हाड चावताना वरच्या मोठ्या दाढेची कपची उडते. जी वस्तू नखाने दाबली तर जराही दबत नाही ती चावायला देऊ नये, हा माझा नियम. रश्श्यात कांदा-लसूण असतो, तोही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. तासगावचे बेदाणे आणि द्राक्षे यांचाही घरात बंदोबस्त करावा लागला, कारण त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

ज्या अडखळण्यामुळे ती निवृत्त झाली त्याचे मूळ शेवटी पंज्यात सापडले. मधल्या बोटाच्या गादीत मसुराएवढे कुरूप होते, गोल, कडक, आत रुतलेले. माणसाच्या तळपायात होते तसे कुरूप ग्रेहाउंडला होते आणि इतर जातींत सहसा होत नाही, त्यामुळे तिकडे कोणी पाहिलेच नव्हते. मातीत ती नीट चालते, डांबरी रस्त्यावर लंगडते. आता दर पाच-सहा आठवड्यांनी ते कोरून घेतो. पण लंगडण्यापायी मी तिचा एक्स-रे आधी काढून घेतला होता, आणि तसाच क्रम ठेवावा असे मला वाटते. या जातीत पायाच्या लांब हाडांचा कर्करोग इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि ‘लचक भरली असेल’ म्हणून तेल चोळण्यात गेलेला महिना परत मिळत नाही.

येत्या मार्गशीर्षात तिची वार्षिक तपासणी आहे. खालच्या डाव्या सुळ्याच्या मागच्या खाचेत एक बारीक रेघ दिसू लागली आहे. ती मागच्या महिन्यात नव्हती असे मला वाटते, पत्नीच्या मते होती. म्हणून आता दर पौर्णिमेला, उजेडात, त्याच बाजूने, मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवतो. काल काढले तेव्हा तुफानने ओठ स्वतःहून वर केला आणि नंतर पेस्टसाठी माझ्या खिशाकडे पाहत उभी राहिली.